पाकिटाची पुढची बाजू, मागची बाजू आणि आपली खरेदी

पडताळणी (धागाकर्ता)

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि त्यानंतर नाचणी, ज्वारी, बाजरी ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी धान्ये बिस्किटे, चिवडे, नूडल्स आणि न्याहारीच्या तयार पदार्थांच्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत दिसू लागली. या धान्यांना पुन्हा मान मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु पाकिटावर नाचणीचे कणीस छापलेले आहे म्हणून आत प्रामुख्याने नाचणीच असणार, असे गृहीत धरून मुलांच्या डब्यासाठी जी खरेदी होते, तिच्याविषयी या धाग्यात सविस्तर चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे असे की बाजारातील बहुतेक दिशाभूल करणारे दावे खोटे नसतात. ते शब्दशः खरे असतात आणि म्हणूनच त्यांना हरकत घेणे अवघड जाते. शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे लिहिलेले असते तेव्हा ते विधान खरेच असते, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते आणि वनस्पतिजन्य तेलात ते नावापुरतेही नसते. म्हणजे शेजारच्या डब्यातील, तो शब्द न छापलेले तेलही तितकेच कोलेस्टेरॉलमुक्त असते. ‘मैदा नाही’ असे लिहिलेल्या बिस्किटात मैदा खरोखरच नसतो, मात्र साखर आणि पामतेल किती आहे याविषयी पुढची बाजू मौन पाळते. ‘रिफाइंड साखर नाही’ असे सांगणाऱ्या लाडवात गूळ असतो, आणि गूळ हा बहुतांशी सुक्रोजच, म्हणजे साखरच, असल्यामुळे साखरेऐवजी तो घातल्याने मधुमेही व्यक्तीच्या रक्तशर्करेच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. प्रत्येक ठिकाणी सत्यच सांगितले आहे, फक्त कोणते सत्य सांगायचे याची निवड विक्रेत्याने केली आहे.

ही निवड ओळखण्याची जागा पाकिटाच्या मागे आहे. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार घटकांची यादी वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. ज्या घटकावर शब्दांतून किंवा चित्रातून भर दिलेला आहे, त्याचे प्रमाणही टक्क्यांत लिहावे लागते. नाचणीच्या बिस्किटांच्या यादीत पहिला शब्द गव्हाचे पीठ किंवा मैदा, दुसरा साखर, तिसरा पामतेल आणि त्यानंतर कंसात एखादा लहानसा आकडा देऊन नाचणी, असा क्रम दिसला, तर आपण गव्हाची गोड बिस्किटे विकत घेत आहोत हे समजून चालावे. ती घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण मग त्यांना नाचणीच्या भाकरीचा पर्याय मानू नये आणि त्यासाठी दुप्पट किंमतही मोजू नये.

आंब्याच्या पेयांचेही तसेच आहे. फळांच्या सर्वसाधारण पेयाला ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घेण्यासाठी आपल्याकडील मानकांनुसार किमान १० टक्के फळाचा अंश पुरेसा असतो. बाकीचा भाग मुख्यतः पाणी आणि साखर यांचाच असतो, आणि तरी पाकिटावर कापलेला हापूस असतो.

‘शंभर टक्के फळांचा रस’ या दाव्याबाबत मात्र प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी मिसळून तयार केलेल्या रसावर हा दावा छापता येणार नाही, आणि आधी छापलेली वेष्टने १ सप्टेंबर २०२४ पूर्वी संपवावीत, असे उत्पादकांना सांगण्यात आले. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना माल्टयुक्त व दुग्धजन्य पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नयेत अशी सूचना दिली गेली, कारण आपल्या अन्नविषयक कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्याच नाही. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी दुधात चमचाभर घालून दिल्या जाणाऱ्या पावडरींना ज्या सदरात इतकी वर्षे मान मिळाला, ते सदर कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

आपण खरेदी करताना काय पाहता, कोणत्या दाव्यांनी आपली दिशाभूल होऊ शकते असे आपल्याला वाटते, आणि या व्यवसायातील मंडळींचा अनुभव काय आहे, हे कृपया लिहावे.

अन्नतंत्र

धागाकर्त्यांनी मांडलेल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. अन्नतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करीत असल्यामुळे घटकांच्या यादीविषयी एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण केवळ क्रम पाहून निष्कर्ष काढल्यास तेथेही फसगत होऊ शकते.

यादी उतरत्या क्रमाने असावी लागते, पण साखर एकाच नावाने लिहिली जात नाही. एखाद्या पदार्थात साखर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज आणि मध अशा चार रूपांत गोडवा घातला, तर प्रत्येकाचे वजन स्वतंत्रपणे मोजले जाते आणि चारही नावे यादीत खाली सरकतात. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर ओट्स दिसतात, परंतु चारही गोड घटकांची बेरीज केली तर ती ओट्सपेक्षा अधिक भरू शकते. म्हणूनच घटकांची यादी आणि पोषणमूल्यांचा तक्ता या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘अतिरिक्त साखर’ असे दोन आकडे असतात, आणि तेथे अशी वेगवेगळी नावे देऊन साखर लपवता येत नाही.

माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट निराळी आहे. ही स्टार्चपासून तयार केलेली पांढरी भुकटी असून ती फारशी गोड लागत नाही. तक्त्यातील ‘साखर’ या सदरात एकशर्करा आणि द्विशर्करा, म्हणजे एका किंवा दोन रेणूंच्या साध्या शर्करा, यांचीच गणना होत असल्यामुळे माल्टोडेक्स्ट्रिनचा बराचसा भाग तेथे दिसत नाही आणि तो एकूण कर्बोदकांत जाऊन बसतो. शरीरात मात्र त्याचे ग्लुकोजमध्ये रूपांतर फार वेगाने होते. प्रथिनांच्या पावडरी, सूपची पाकिटे आणि ‘शुगर फ्री’ म्हणून विकले जाणारे काही पदार्थ यांत ते सर्रास वापरले जाते. १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक साखर नसेल तर ‘शुगर फ्री’ असा दावा करता येतो, आणि या मर्यादेचे पालन करूनही पदार्थ मधुमेही व्यक्तीला अपायकारक ठरू शकतो. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी साखरेच्या ओळीपाशी न थांबता एकूण कर्बोदकांचा आकडा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तक्ता वाचताना ‘प्रति सर्व्ह’ हा स्तंभ बाजूला ठेवून ‘प्रति १०० ग्रॅम’ हाच स्तंभ पाहावा. एका वेळच्या खाण्याचे प्रमाण उत्पादक ठरवतो. शेवेचे १५० ग्रॅमचे पाकीट दोघे जण चहाबरोबर सहज संपवतात, आणि तक्त्यात मात्र ३० ग्रॅमच्या वाढपाचे आकडे लिहिलेले असतात. येथे आणखी एक आकडेमोड उपयोगी पडते. तक्त्यात मीठ न लिहिता सोडियम लिहिलेले असते आणि त्या आकड्याला साधारण अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे २ ग्रॅम मीठ झाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

दुकान_सांगली

आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि मी ही चर्चा गल्ल्याच्या अलीकडच्या बाजूने पाहत असल्यामुळे थोडे वेगळे लिहितो. गिऱ्हाईक पाकीट उलटून पाहत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते उलटून पाहते, पण अंतिम तारीख आणि छापील किंमत पाहण्यासाठी. तेवढ्याच वेळात वजनही पाहावे, अशी माझी विनंती आहे. पाच आणि दहा रुपयांची पाकिटे वर्षानुवर्षे त्याच किमतीला मिळत असली तरी आतील ग्रॅम कमी होत गेलेले असतात, आणि वजन लिहिलेले असल्यामुळे त्यात बेकायदा काहीही नसते. पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच विकाव्या लागत. वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमापविषयक नियमांत नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ते बंधन काढून टाकले, आणि त्याच्या बदल्यात एका ग्रॅमची, किलोची, मिलिलिटरची किंवा लिटरची किंमत छापणे बंधनकारक केले. ही किंमत छापील किमतीच्या जवळपास बारीक अक्षरांत असते. दोन पाकिटांची तुलना करताना तेवढी एक ओळ वाचली, तरी ‘२० टक्के जादा’ किंवा ‘फॅमिली पॅक’ या शब्दांत किती तथ्य आहे ते लगेच कळते. मोठे पाकीट दरवेळी स्वस्तच पडते असे नाही, हे मी दुकानदार असूनही सांगतो.

उन्हाळ्यात सर्वाधिक विकला जाणारा एक पदार्थही या धाग्यात यायला हवा. गिऱ्हाईक आइस्क्रीम मागते आणि फ्रीजमधून स्वतःच्या हाताने जो कप उचलते, त्यावर पुष्कळदा ‘फ्रोझन डेझर्ट’ असे लिहिलेले असते. आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता असावी लागते आणि मानकांनुसार ती किमान १० टक्के असते, तर फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतिजन्य तेल किंवा चरबी वापरता येते. २०१७ मध्ये या फरकावरून केलेल्या एका जाहिरातीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाने प्रतिस्पर्धी मालाची बदनामी करणाऱ्या त्या जाहिरातीला मनाई केली होती. फ्रोझन डेझर्ट हा निषिद्ध पदार्थ नाही, हे मान्यच आहे. पण चित्र, कपाचा आकार, फ्रीजमधील जागा आणि किंमत हे सगळे आइस्क्रीमसारखे ठेवून नावच तेवढे बारीक छापले, तर गिऱ्हाइकाने निवड केली असे कसे म्हणता येईल?

परिचारिका

मी बालरुग्ण विभागात काम करते, म्हणून ज्या एका दाव्याने मुलांच्या जिवाशी संबंध येतो त्याबद्दल लिहिणे माझे कर्तव्य समजते.

जुलाबांत शरीरातील पाणी आणि क्षार वेगाने कमी होतात. त्यावर ओआरएस हे द्रावण दिले जाते आणि त्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने निश्चित केलेले आहे. एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असे ते प्रमाण आहे. यातील ग्लुकोज चवीसाठी नसते. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात ओढले जाते, म्हणून दोघांचे परस्परप्रमाण अत्यंत महत्त्वाचे असते. साखर प्रमाणाबाहेर वाढली की उलट शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

आता १०० मिलिलिटरमागे ११ ते १२ ग्रॅम साखर असलेले, फळांच्या चवीचे एखादे पेय घ्या. लिटरला ते प्रमाण ११० ते १२० ग्रॅम होते, म्हणजे ओआरएसच्या आठपट किंवा त्याहूनही अधिक. अशा प्रकारची पेये नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे घेऊन औषधांच्या दुकानांत आणि रुग्णालयांच्या आवारात विकली जात होती. गळून गेलेल्या मुलाला घेऊन आलेली आई ‘आम्ही सकाळपासून ओआरएसच देतो आहोत’ असे सांगते आणि पिशवीतून तो रंगीत खोका काढून दाखवते, तेव्हा तिला काय उत्तर द्यावे हा प्रश्न आमच्यापुढे अनेकदा उभा राहिला आहे. तिने काळजीपूर्वक, पैसे खर्च करून आणि नाव वाचूनच ते विकत घेतलेले असते.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. एप्रिल २०२२ मध्ये प्राधिकरणाने नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली, पण त्याच वर्षी जुलैमध्ये ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले ओआरएस नाही’ अशी सूचना छापण्याच्या अटीवर ते नाव पुन्हा चालू दिले. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने ही सवलत मागे घेण्यात आली. मधल्या काळातील ती तळटीप किती पालकांनी वाचली असेल? नावाने एक सांगायचे आणि तळटिपेने ते नाकारायचे, हा प्रकार कोणत्याच खाद्यपदार्थाबाबत मान्य होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाण्याचे हे साधे द्रावण वापरून असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. ज्या नावामागे एवढे मोठे काम उभे आहे, ते नाव साखरेच्या पाण्याला लावले गेले याचे मला अतिशय दुःख होते. औषधाच्या दुकानात केवळ ‘ओआरएस द्या’ असे न म्हणता ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचे ओआरएस द्या’ असे म्हणावे, पुडीवर तसा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि पुडीवर सांगितले आहे तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी.

माजघर

वरील सर्व प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु ‘मागची बाजू वाचा’ हा सल्ला कोणाला देता येतो याचाही विचार व्हायला हवा. लेबलवरील माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत द्यावी असा नियम आहे; इतर भारतीय भाषा ऐच्छिक आहेत. प्रत्यक्षात मागची बाजू बहुधा केवळ इंग्रजीत असते. पुढच्या बाजूवर ‘अस्सल’, ‘गावरान’, ‘आजीच्या हातची चव’ असे ठसठशीत मराठीत छापणाऱ्या उत्पादकाला घटकांची यादी मराठीत छापणे अशक्य आहे, हे मला पटत नाही. माझ्या सासूबाई मराठी उत्तम वाचतात आणि घरातील वाणसामान त्याच आणतात. त्यांना पुढची बाजू वाचता येते आणि मागची येत नाही. म्हणजे जाहिरात त्यांच्यापर्यंत पोहोचते आणि माहिती पोहोचत नाही.

दुसरे असे की दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत ‘नैसर्गिक’, ‘ताजे’, ‘शुद्ध’ यांसारखे शब्द केव्हा वापरावेत याच्या अटी आहेत. ‘पारंपरिक’ म्हणवून घेण्यासाठी ती कृती किमान ३० वर्षे फारसा बदल न होता चालत आलेली असावी लागते, आणि ग्राहकाचा गैरसमज होईल अशा रीतीने ‘घरगुती’ म्हणता येत नाही. असे असूनही हे शब्द बाजारात मुबलक दिसतात. त्याच वेळी ज्या बचत गटांतील महिला खरोखरच घरी पापड, कुरडया आणि मेतकूट तयार करतात, त्यांच्याकडे पोषणमूल्यांचा तक्ता तयार करून घेण्याइतका पैसा नसतो. चर्चेत त्यांना आणि मोठ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजले जाऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी मुळात लेबल वाचण्याची गरजच कमी करावी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांसाठी एकत्रित खरेदी करून धान्य, डाळी आणि इतर वस्तूंचे वितरण करते. आमच्या गृहसंकुलात काही कुटुंबांनी मिळून त्याच धर्तीवर ज्वारी आणि नाचणी थेट शेतकऱ्याकडून आणायला सुरुवात केली आहे. नाचणीच्या पिठावर कोणताही दावा छापावा लागत नाही.

पडताळणी (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजघर यांचा भाषेचा मुद्दा मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटला आणि अन्नतंत्र यांच्या पुरवणीमुळे माझ्या मूळ लेखातील क्रमाविषयीचे विवेचन अधिक नेमके झाले.

तक्रार कोठे करावी, असे दोघांनी मला संदेशातून विचारले आहे. पाकिटाच्या चारही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सुविधेवर तक्रार नोंदवावी. अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणही १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पाकिटावरील १४ अंकी परवाना क्रमांक तक्रारीत जरूर लिहावा. तो क्रमांक उत्पादकाने परवाना घेतल्याचे दाखवतो. पदार्थ पौष्टिक असल्याचे सरकारी प्रमाणपत्र म्हणून त्याकडे पाहू नये.

पुढच्या बाजूवर सरकारने काय छापायला लावावे, हा विषय मात्र अजून कोणी काढलेला नाही, आणि माझ्या मते खरा निर्णय तेथे होणार आहे. प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात पदार्थांना अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत सुचवली. तिच्यात साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धतेमुळे (सॅच्युरेटेड फॅट) गुण बिघडतात, पण फळे, कडधान्ये, सुकामेवा आणि भरडधान्ये असल्यास ते सुधारतात. म्हणजे आपल्या नाचणीच्या बिस्किटाची साखर नाचणीच्या गुणांनी काही प्रमाणात झाकली जाईल. चिलीने २०१६ मध्ये याच्या उलट मार्ग धरला. तेथे साखर, सोडियम, संपृक्त स्निग्धता किंवा उष्मांक मर्यादेपेक्षा अधिक असल्यास पुढच्या बाजूवर काळे अष्टकोनी चिन्ह छापावे लागते, आणि घन पदार्थांसाठी साखरेची ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १०० ग्रॅमला १० ग्रॅमपर्यंत खाली आणली गेली. असे चिन्ह असलेला पदार्थ तेथील शाळांत विकता येत नाही आणि १४ वर्षांखालील मुलांना उद्देशून त्याची जाहिरातही करता येत नाही. चिन्हासाठी भाषा येण्याची गरज नसते, त्यामुळे माजघर यांच्या सासूबाईंनाही ते वाचता येईल. मी चिलीच्या पद्धतीच्या बाजूने आहे. ज्यांना ताऱ्यांची पद्धत अधिक योग्य वाटते त्यांनी आपली कारणे येथे अवश्य मांडावीत.